बेसूर वाद्याची दुरुस्ती

माणसाला शत्रू असावा, पण तो साडू नसावा. शत्रूच्या घरी जेवायला जावं लागत नाही. साडूच्या घरी जावं लागतं, आणि दोन घासांच्या मध्ये त्याच्या नव्या सोफ्याचं कौतुकही करावं लागतं.

आमचे साडू आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. दोघी बहिणी जवळ असाव्यात ही सासऱ्यांची इच्छा. स्वतः मात्र ते लांबच्या गावी जाऊन राहिले. साडूंचं फरशांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना शेठ म्हणतात. शेठचं दुकान मोठं, गाडी मोठी, टीव्ही तर इतका मोठा की त्यांना भिंत हलवावी लागली. याचं मला कधी काही वाटलं नाही. म्हणजे वाटायचं, पण मी ते गिळून टाकायचो, कारण माझ्याकडे एक गोष्ट अशी होती की शेठनी सगळं दुकान विकलं असतं तरी ती त्यांना मिळाली नसती. माझ्याकडे कान होता.

मी लहानपणापासून व्हायोलिन शिकलोय. आमचे मास्तर सूर केसभर हलला तरी गजाच्या टोकानं बोटावर टोचायचे. त्या टोचण्यांमधून माझा कान तयार झाला. आज आमच्या लिफ्टची घंटी उतरलेली आहे हे सगळ्या इमारतीत फक्त मला कळतं. बाकीचे त्या लिफ्टमधून सुखानं वर-खाली करतात, मी जिन्यानं जातो. पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो; घरी आल्यावर तेच काम मी फुकट करतो.

घरात मात्र माझ्या कानाला मान होता. मिक्सर कुरकुरला, पंखा घरघरला की बायको हातातलं काम टाकून यायची. "अहो, जरा ऐका हो, बरोबर येतोय ना आवाज?" मी डोळे मिटायचो. थोडं थांबायचो, कारण लगेच सांगितलं तर किंमत राहत नाही. मग म्हणायचो, "बेअरिंग जातंय." पुढे मेकॅनिक येऊन भलतंच काही बदलून जायचा, ती गोष्ट वेगळी. पण आधी निकाल माझा असायचा. त्या "अहो, जरा ऐका हो"वर मी शेठची गाडी, टीव्ही आणि हललेली भिंत पचवत होतो.

आणि शेठ? शेठ रोज सकाळी आंघोळ करताना शिट्टी वाजवायचे. ती न्हाणीघराच्या डक्टमधून थेट माझ्या दाढीच्या आरशासमोर यायची. तिच्यातला एकही सूर जागेवर नसायचा. वैतागून मी सोसायटीच्या नियमांत एक कलम घालून घेतलं होतं: इमारतीत कोणतंही वाद्य, भोंगा अथवा शिट्टी वाजवण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. मी जॉइंट सेक्रेटरी होतो, त्यामुळे ते मंजूर झालं. शेठनी ते वाचलं, "वा, छान लिहिलंय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी वाजवली.

अशात वरच्या मजल्यावर एक प्रोफेसरबाई भाड्यानं राहायला आल्या. अनोळखी सूर माणसं कशी शिकतात, आणि आधी संगीत शिकलेल्यांना ते सोपं जातं की अवघड, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यासाठी त्यांनी एक वाद्य मुद्दाम बनवून घेतलं होतं. लाकडी खोक्यावर ओळीनं लोखंडी पट्ट्या, वाजवायला लाकडी हातोडी, आणि प्रत्येक पट्टीखाली काळ्या मेणाचा गोळा. मेण लावलं की सूर उतरतो, खरवडलं की चढतो.

"आपल्या सप्तकात काही पायऱ्या मोठ्या असतात, काही छोट्या," बाई म्हणाल्या. "इथे सातही पायऱ्या अगदी सारख्या आहेत. त्यामुळे सूर ओळखीचे वाटतात, पण आपल्या नेहमीच्या जागी नसतात."

त्यांनी एकदा सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या. माझ्या दाढा शिवशिवल्या. म्हटलं, अरे देवा, हे तर शेठच्या शिट्टीला चार पाय फुटलेत!

बाईंना काही शिकलेले लोक हवे होते आणि काही अजिबात न शिकलेले. मी अर्थात पहिल्या गटात गेलो. मग बाईंनी विचारलं, "ज्याला सुरांचा गंधही नाही, असं कुणी आहे का तुमच्या ओळखीत?" यावर मी जे उत्तर दिलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. "आहे की!" मी म्हणालो. "असा शुद्ध नमुना तुम्हाला दुनियेत मिळणार नाही. आमचे साडू. खालीच राहतात." आणि नको नको म्हणणाऱ्या शेठना मी स्वतः दंडाला धरून वर नेलं.

मात्र वाद्य इमारतीत वाजवायचं म्हणजे माझंच कलम आडवं आलं. सेक्रेटरींनी सभा बोलावली. ही वस्तू वाद्य आहे की लोखंडी सामान, यावर बराच खल झाला. वाद्य म्हटलं तर परवानगी लागते आणि लोखंडी सामान म्हटलं तर ते पंपाच्या खोलीत ठेवावं लागतं. शेवटी 'वाजणारं फर्निचर' असा शब्द काढण्यात आला, ते सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवायचं ठरलं आणि किल्ली माझ्याकडे आली. शेठना हातोडी चालवायची सूट देणारं पत्रही मीच टाइप केलं.

मग परीक्षा सुरू झाल्या. बाई पडद्यामागे बसून एकच चाल दोनदा वाजवायच्या. एकदा बरोबर, एकदा मुद्दाम चूक घालून. आपण चूक ओळखायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन्ही चूक."

"एक बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुमचं वाद्य चूक आहे. सातवा सूर इतका उतरलाय की त्याला आधाराची काठी द्यावी लागेल."

"तो तिथेच असायला हवा. बरं, जे ऐकलंत ते गाऊन दाखवा."

मी गाऊन दाखवलं. स्वच्छ, निर्मळ, मास्तरांनी पाठ थोपटली असती असं. बाई म्हणाल्या, "तुम्ही मी वाजवलेलं गायला नाहीत. मी काय वाजवायला हवं होतं, ते गायलात." मला ही स्तुती वाटली. घरी येऊन मी ती बायकोलाही सांगितली.

शेठ मात्र तिथे जाऊन खुर्चीत ऐसपैस बसायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "दुसरी चुकली बाई. मधेच एक पायरी निसटल्यासारखी झाली." आणि ते बरोबर निघायचं. परत बरोबर. आठवड्याभरात शेठ त्या पट्ट्यांवर चाली वाजवायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो होतो. तिचा खरा अर्थ आत्ता कळत होता, आणि तोही कानाच्याच बाबतीत.

मी स्वतःची समजूत घातली की शिकलेल्या माणसाचं असंच होणार. भरलेल्या माठात नवं पाणी कसं मावणार? शेठचा माठ रिकामाच. पण पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई माझ्याच गटात होत्या. त्या कितीतरी वर्षं बासरी शिकलेल्या, आणि त्याही ती चाल वाजवायला लागल्या! मी बाईंना विचारलं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांत दोन्ही प्रकार असतात. काहींना शिकलेलं कामी येतं, काहींच्या ते आडवं येतं."

इमारतीत ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर पसरली. ज्याला त्याला माझ्या कानाची काळजी. सेक्रेटरी म्हणाले, "कोमट तेल घाला." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अक्कलदाढेचा ताण कानावर येतो, एकदा येऊन जा." तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "वयाप्रमाणे होतंच." हेडमास्तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांना त्यांच्याच घरची बेल ऐकू येत नाही! शेवटी मी गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं मशीन लावून तपासलं आणि म्हणाला, "कान उत्तम आहेत. तक्रार काय आहे?" साडूला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं, ही तक्रार कोणत्या रकान्यात लिहिणार?

बायकोला मी एकदा समजावून सांगितलं, की मुळात ते वाद्यच बेसूर आहे. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अगं, पण अंगण खरंच वाकडं आहे!"

"असेल. शेठ नाचतायत त्यावर."

एवढंही मी गिळलं असतं. पण त्याच रविवारी शेठ आमच्याकडे चहाला आले. स्वयंपाकघरात मिक्सर घर्रर्र करून थांबला. मी सवयीनं डोळे मिटले, निकाल तयार केला. आतून बायको हात पुसत बाहेर आली, माझ्या खुर्चीवरून पुढे गेली आणि म्हणाली, "शेठ, जरा ऐका हो, बरोबर येतोय ना आवाज?"

मी डोळे उघडले तेव्हा शेठ मिक्सरपाशी वाकले होते. मला इतका मत्सर वाटला की चहा कडू लागला. गाडी घ्या, टीव्ही घ्या, माझी काही हरकत नाही. पण तो मिक्सर माझा होता.

आता कार्यक्रमाचं सांगतो. बाईंचे वरिष्ठ हॉलमध्ये येऊन हे सगळं ऐकणार होते आणि बाईंचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. वाजवणार कोण? शेठ. डॉक्टरीणबाई बासरीवर साथ करणार होत्या. माझ्याकडे खुर्च्या मांडायचं काम आलं.

खुर्च्या मांडायला मी दुपारी हॉलमध्ये गेलो. सगळी इमारत जेवून लवंडली होती. वाद्य समोर होतं. खरं सांगतो, माझ्या मनात पाप नव्हतं. म्हणजे सुरुवातीला नव्हतं. मी सहज सातवी पट्टी वाजवली. ती नेहमीसारखी रडली. एखादं चित्र भिंतीवर तिरकं लागलेलं दिसलं तर तुम्ही ते सरळ करता की नाही? मी नखानं थोडंसं मेण खरवडलं. पुन्हा वाजवली. आणखी थोडं. आणि अचानक सातवी पट्टी जागेवर येऊन अशी निवांत बसली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सहावी कशी सोडणार? सहावीनंतर तिसरी. बहुतेक पट्ट्या चढवायच्या होत्या, चौथी जरा उतरवायची होती. तिला मी बाकीच्यांचं खरवडलेलं मेण लावलं. खिशातल्या चमच्यानं खरवडत, कान लोखंडाला लावून, मी त्या गरीब वाद्याला माणसांत आणलं. शेवटी सगळ्या पट्ट्या ओळीनं वाजवल्या. मास्तर असते तर गज खाली ठेवून उठले असते! चमचा खिशात कसा आला, असं कुणी विचारेल. खुर्च्या मांडायला जाताना माणसाच्या खिशात चमचा असू शकतो. मनात पाप सुरुवातीला नव्हतं, एवढंच मी म्हणालोय.

संध्याकाळी हॉल भरला. वरिष्ठ पहिल्या रांगेत बसले. शेठ नवा शर्ट घालून आले, हातोडी उचलली, पहिली पट्टी वाजवली, दुसरी वाजवली, तिसरीवर थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा थांबले.

"बाई," ते म्हणाले, "हे आपलं नाही. कुणीतरी बिघडवलंय."

"अहो, चालू द्या!" सेक्रेटरी मागून ओरडले. "आज पहिल्यांदाच जरा कानाला बरं वाटतंय!" हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई बासरी ओठांपाशी धरून नुसत्याच बघत होत्या. मी भिंतीपाशी उभा राहून खुर्च्या मोजायला लागलो.

बाईंनी सूर मोजायचं यंत्र काढलं आणि एकेक पट्टी तपासली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सगळं बदललंय," त्या म्हणाल्या. "आणि इतकं नेमकं, की एकही सूर तसूभर इकडेतिकडे नाही. यंत्राशिवाय हे कुणाला जमेल?" एवढ्या दिवसांत माझ्या कानाविषयी कुणी पहिल्यांदाच चांगलं बोलत होतं, आणि मला मान खाली घालून उभं राहावं लागत होतं. काय हा अन्याय! सेक्रेटरी म्हणाले, हवामान असेल. हेडमास्तर म्हणाले, झुरळं मेण खातात.

बायको माझ्याकडे बघत होती. मग ती उठली, शांतपणे वाद्यापाशी गेली आणि हातोडीनं सातवी पट्टी वाजवली. मान तिरकी करून, अगदी माझ्यासारखे डोळे मिटून ऐकलं.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "पण ही सातवी अजून जरा उतरलेलीच वाटते."

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "सातवी मी तीनदा तपासलीय!"

पुढे हॉलमध्ये जी शांतता पसरली, तिच्यात मला लिफ्टची घंटी ऐकू आली. उतरलेलीच होती.

मला वाटलं बाई रडतील. त्या रडल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यापेक्षा रडल्या असत्या तर बरं झालं असतं. यंत्रानं पुन्हा लावायचं तर रात्र होणार होती आणि वरिष्ठ घड्याळ बघायला लागले होते. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, शेठनी काहीतरी करावं.

शेठनी बाह्या वर केल्या. "मला पाठ आहेत सगळे," ते म्हणाले. "भाऊसाहेब, तुम्ही मेण धरा. तुमच्या हाताला सवय झालीय."

सगळ्या इमारतीसमोर मी साडूंच्या शेजारी मांडी घालून बसलो. शेठ पट्टी वाजवायचे. "लावा. अजून. अजून थोडं. जास्त झालं, काढा. हां!" आमचे मास्तर बोलायचे तसं बोलत होते, गज नव्हता एवढंच. वाद करायची सोयच नव्हती, कारण तोंड उघडलं असतं तर लोकांनी मारलं असतं. मग त्यांचं "हां" कधी येतं तेवढंच मी ऐकत राहिलो. पहिल्या पट्ट्यांना ते कुठून यायचं कळत नव्हतं. पुढे पुढे थोडं आधीच वाटायचं की आता येणार. सातवीला माझा हात आपोआप थांबला आणि मग शेठ म्हणाले, "हां."

कार्यक्रम छान झाला, असं म्हणतात. वरिष्ठांनी शेठशी हात मिळवला आणि बाईंना काम चालू ठेवा म्हणून सांगितलं. माझा हात चिकट होता, त्यामुळे तो कुणी मिळवला नाही. घरी जाताना बायको लिफ्टनं गेली आणि मी जिन्यानं. रात्री ती एवढंच म्हणाली, "माझा चमचा द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडाला साबण लावून आरशासमोर उभा होतो. स्वयंपाकघरात मिक्सर थांबून थांबून गुरगुरत होता, पण मला कुणी बोलावलं नाही. डक्टमधून शेठची शिट्टी आली. तीच बाईंची चाल. मी वस्तरा उचलला आणि तसाच थांबलो. पहिला सूर बरोबर. दुसरा, तिसरा बरोबर. मला दाढा शिवशिवायची वाट बघावी लागली, त्या शिवशिवल्याच नाहीत. चौथा, पाचवा जागेवर. आणि सहावा...

"सहावा चढला!" मी ओरडलो.

बायको दारात आली. "कुणाचा?"

"शेठचा! सहावा सूर चढा लागला! माझ्या हिशेबानं नाही, त्यांच्या हिशेबानं! त्यांच्याच सुरांत ते चुकले!"

"तुम्हाला कळलं?"

"कळलं म्हणजे? पुन्हा वाजवतायत, ऐक! बघ, चढला की नाही?"

तिनं डक्टकडे कान केला, मग माझ्याकडे बघितलं. "मला काही कळत नाही बाई," ती म्हणाली. पण मी तोवर टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर पडलो होतो. इतक्या दिवसांच्या मत्सराचं चीज झालं होतं आणि ते गरम असतानाच शेठच्या हातात द्यायचं होतं. अर्धा जिना उतरलो, तेवढ्यात वरून हाक आली.

"अहो! आधी मिक्सर तरी ऐकून जा. बरोबर येतोय का आवाज?"

मी कठड्याला धरून थांबलो. वर मिक्सर, खाली सहावा सूर. ती हाक ऐकायला मी किती दिवस जीव टाकला होता, ते माझं मलाच ठाऊक.

"बेअरिंग!" मी जिन्यातूनच निकाल दिला, आणि धावत जाऊन शेठची बेल दाबली.